डावीकडून सहावी

पेपरात माझा हात छापून आला. नुसता हात.

मनगटात राखाडी बांगड्या, बोटं आक्काच्या खांद्यावर. मनगटाला लागून कोपर यायला पाहिजे, मग दंड, मग मी. तिथं पानाची पांढरी पट्टी होती आणि पट्टीपलीकडं गॅसच्या शेगडीची जाहिरात.

सकाळी नर्सरीत नुकत्याच सगळ्या जमल्या होत्या. वारूळवाडीच्या पुढं आमची नर्सरी आहे. टोमॅटो, मिरची, कोबी, झेंडूची रोपं तयार करून आम्ही शेतकऱ्यांना देतो. सुरेखानं बी टोकायच्या टेबलावर पेपर पसरला. आक्का, आमच्यातली सगळ्यांत वयस्क, डोळे बारीक करून वाकली.

“आगं बया, ह्यो कुनाचा हात माज्या खांद्यावर?”

“भूत बसलंय आक्का तुमच्या मानगुटीवर,” मागून कुणीतरी म्हणालं.

सगळ्या हसल्या. मग एकेकीनं माझ्याकडं पाहिलं आणि हसू गळत गेलं. सुरेखाचं लक्ष नव्हतं. तिनं फोटोखालची ओळ मोठ्यानं वाचली, “डावीकडून,” आणि पुढं पाच नावं. तिचं तिसरं. स्वतःचं नाव तिनं दोनदा वाचलं.

फोटो काढला तेव्हा आम्ही सहाजणी होतो. मी डावीकडून सहावी.

नवरात्रात पेपरवाले रोजचा एक रंग जाहीर करतात. त्या रंगाच्या साड्या नेसून बायका फोटो काढतात, बँकेतल्या, शाळेतल्या, दवाखान्यातल्या, आणि दुसऱ्या दिवशी ते फोटो छापून येतात. खाली बारीक अक्षरात नावं. डावीकडून अमुक, अमुक, अमुक. ती ओळ मी शाळेत होते तेव्हापासून वाचत आलेय. बातम्या सोडून तीच वाचायचे. लोक म्हणायचे, पोरगं लई पेपर वाचतं. पोरगं नव्हतं ते. त्या ओळीत आपलं नाव कितवं येईल याचा हिशोब करणारी मी होते.

तर गेल्या वर्षी आमच्या नर्सरीत ठरलं, आपणही फोटो द्यायचा. वाट्याला आला राखाडी.

“राखाडी? ह्यो काय रंग हाय व्हय?” आक्का म्हणाली. “चुलीत हात घातला की झाला रंग.”

“माजी निळी हाय एक,” सुरेखा म्हणाली, “धुऊन धुऊन राखाडी झालीया. चालतंय की!”

मी नारायणगावात तीन दुकानं फिरले. खरीखुरी राखाडी साडी घेतली, काठाला चंदेरी बारीक रेघ. बांगड्या जुळवून घेतल्या.

आई म्हणाली, “आपल्यात घट नसत्यात. तुज्या आज्यानं दीक्षा घेतली तवाच समदं सोडलं. आन् तू ह्ये रंग धरून बसलीस?”

“देवीसाठी नेसत नाय आई. रांगेसाठी नेसते.”

सकाळी माझ्या पायाशी बसून आईनं निऱ्या धरल्या.

फोटो काढायला आला तो आमच्या भागाचा वार्ताहर. त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाचे, निवडीचे, श्रद्धांजलीचे फलक करतो आणि जोडीला बातम्या पाठवतो. मी आक्का आणि सुरेखाच्या मधे उभी होते. त्यानं मोबाईल डोळ्यांसमोर धरला, खाली घेतला, म्हणाला, “मॅडम, तुम्ही उंच आहात. जरा कडेला या. फ्रेम चांगली बसते.”

मी गेले. आक्काला म्हणाले, तूही इकडं ये, माझ्याशेजारी. आक्का आली. मी तिच्या खांद्यावर हात टाकला. ‘उंच आहात’ हे ऐकून मी खूश झाले होते. माझ्या उंचीबद्दल एवढं सरळ कुणी बोललं नव्हतं. त्याला माहीत होतं, कडेचं कापायला सोपं जातं. हात तेवढा त्याच्या हिशोबात नव्हता.

मी कोण ते सांगते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र. तीन वर्षं कॉलेजात दिवसभर पाणी प्यायचे नाही, कारण कुठल्या बाथरूमला जायचं याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. तहानलेल्या जिभेनं मी परीक्षा दिल्या आणि पहिल्या वर्गात पास झाले. नर्सरीत उगवण बघायचं काम माझं. कुठला ट्रे सावलीत ठेवायचा, कुठल्याला कधी पाणी, रोपं माना टाकायला लागली तर काय करायचं, ते मी ठरवते. अवसरीहून, पार तळेघरहून शेतकरी येतात आणि मला मॅडम म्हणतात. काहीजण म्हणून झाल्यावर एकमेकांकडं बघतात. मी तेही बघते.

मला जन्मल्यावर मुलाचं नाव ठेवलं होतं. ते मी इथं लिहिणार नाही.

आता हेव्याचं सांगते. त्याच्याशिवाय हे सांगणं खोटं होईल.

त्या सकाळी मला वार्ताहराचा राग आला नाही. तो नंतर आला. आधी मला सुरेखाचा हेवा वाटला. नुसता वाटला नाही, घशाशी आला. धुऊन विटलेली निळी साडी नेसून आलेली बाई. फोटोत डोळे अर्धे मिटलेले. पदर एकीकडं, पिना एकीकडं. आणि तिचं नाव, तिच्या नवऱ्याचं आडनाव, स्वल्पविराम, सगळं जागच्या जागी. तिनं त्यासाठी काय केलं होतं? काही नाही. सातवीत शाळा सोडली, लग्न केलं, नर्सरीत आली, कॅमेऱ्यापुढं उभी राहिली. तिला कुणी विचारलं नाही की तू नक्की कोण. मी खरी राखाडी नेसले होते.

तासाभरानं तिनं त्याच पेपरावर भिजवलेल्या कोकोपीटची, नारळाच्या भुशाची, पाटी ठेवली. ओल पसरत तिच्या नावापर्यंत गेली. तिला काही वाटलं नाही. मला ते बघवेना. एवढी फुकट मिळालेली गोष्ट माणूस अशी भिजू देतं?

दुपारी जेवायला सगळ्या झाडाखाली गेल्या तेव्हा मी तो पेपर उचलला, घडी घातली आणि माझ्या पिशवीत टाकला.

निघताना सुरेखा टेबलाखाली शोधत होती. “पेपर कुटं गेला गं? पोरीला दावायचा व्हता. आयचं नाव आलंय म्हनून.”

“माहीत नाय,” मी म्हणाले.

पिशवी माझ्या खांद्याला होती.

दुसऱ्या दिवशी मी वार्ताहराच्या दुकानात गेले. तो कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक कापत होता. जमिनीवर कुणा पुढाऱ्याचं एवढं मोठं तोंड.

“भाऊ, त्या फोटोत मी होते.”

“होता ना. म्हणजे, होत्या.” तो हसला. “अहो, ते महिलांचं पान आहे. आम्हाला वरून सांगणं असतं. उद्या कुणी म्हणालं, हे काय छापलंय, तर?”

“मला त्याच ओळीत पाहिजे होतं.”

“ओळीत काय ठेवलंय राव? ओळ कोण वाचतंय? तुमच्यावर आपण वेगळी स्टोरी करतोय. दसऱ्याला. अर्धं पान! समाजाला प्रेरणा मिळाली पाहिजे.”

तिथं मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं सुरेखा आली. तिचं नाव मुंगीएवढ्या अक्षरात आणि माझं अर्धं पान. बघू दे तिला, असं माझ्या मनात आलं. हेव्यानं माझ्या तोंडून हो म्हणवून घेतलं.

मी तासभर बोलले. मिरचीचं बी टोमॅटोपेक्षा उशिरा का उगवतं. पाणी जास्त झालं की रोप बुडाशी कसं कुजतं. कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पानाची पेशी पाहिली तेव्हा मी किती वेळ उठलेच नाही. तो वहीत थोडं लिहायचा, बराच वेळ मोबाईल बघायचा. शेवटी म्हणाला, “टाळी वाजवतानाचा एखादा फोटो आहे का?”

“मी कधी टाळी वाजवली नाही.”

“मग आता एक वाजवा ना. प्रतीकात्मक.”

“नाही.”

“बरं, राहू द्या. लहानपणीचा? म्हणजे मुलगा असतानाचा?”

“नाही.”

“बरं बरं. राहिलं.”

मला वाटलं, जिंकले.

दसऱ्याला छापून आलं. ‘टाळी सोडली, रोपं हाती धरली!’ असा मथळा. शेजारी टाळी वाजवणाऱ्या दोन हातांचं चित्र, कुणाचे कोण जाणे. टाळी वाजवून जगणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. ते त्यांचं पोट आहे, त्यांची भाषा आहे. त्यांना रस्त्यावर कुणी आणलं हे पेपरवाल्यांनी विचारावं. पण जे मी कधी धरलं नाही ते माझ्या हातून सोडवून माझी प्रेरणा करायची?

पहिल्या परिच्छेदात मी ‘तो’ होते. दुसऱ्यात ‘ती’. तिसऱ्यात ‘ते’. माझं नाव अवतरणचिन्हात, जसं काही मी ते कुठून उसनं आणलंय. जुनं नाव मात्र जाड ठशात. बी.एस्सी.चं एवढंच, ‘शिक्षणही घेतले आहे.’ मिरची नाही, पेशी नाही. आणि खाली कोपऱ्यात एका जुन्या कात्रणाचा फोटो. दहावीत शाळेत पहिला आलेल्या मुलाची दोन ओळींची बातमी आणि त्या मुलाचा चेहरा.

ते कात्रण आमच्या घरात पत्र्याच्या पेटीत असतं.

घरी गेले तर आई दारातच होती. हातात पाच पेपर. एसटी स्टँडवरून स्वतः जाऊन आणले होते.

“त्यो पेपरवाला आलता घरी,” ती म्हणाली. “तू कामावर व्हतीस. म्हनला, मावशी, पोरीचं पेपरात येनार हाय, काय जुनं आसंल तर द्या. म्या दिलं. हुशारीचं हाय म्हनलं, दावावं. आता वाच की.”

आईला वाचता येत नाही. मी पेपर घेतला आणि वाचायला लागले. छापलं होतं तसं वाचलं नाही. मी वाचलं, आपल्या भागातल्या या बाईनं बी.एस्सी. केलं. मी वाचलं, तिच्या हातची रोपं आंबेगाव-जुन्नरच्या कितीतरी रानांत उभी आहेत. मिरचीचं वाचलं. पेशीचं वाचलं. प्रत्येक ठिकाणी ‘ती’ वाचलं. आई मान हलवत ऐकत होती.

मग तिनं बोट ठेवलं. जाड ठशावर.

“ह्ये काय लिवलंय?”

“माझं नाव.”

“न्हाय. ह्ये जुनं हाय.” बोट तिथंच. “मला वाचता येत न्हाय, पर ह्याचं वळन मला ठावं हाय. त्या कागदावर किती वर्सं बघितलंय म्या.”

मी पेपर मिटायला लागले. तिनं बोट काढलं नाही.

“म्या दिलं म्हनून छापलं का त्येंनी?”

“नाय आई. तसंही छापलंच असतं.”

हे खोटं होतं. कात्रणाशिवाय ते नाव त्यांना मिळालंच नसतं, हे तिलाही कळलं. तिनं पाचही पेपर घडी घालून पेटीवर ठेवले. वस्तीत वाटायला आणले होते. एकही वाटला नाही.

त्या रात्री मी पेटीतलं कात्रण काढून पाहिलं. दोन ओळी. नाव, वडलांचं नाव, आडनाव, टक्के. अवतरणचिन्ह नाही. तो किती शाळा शिकला हे नेमकं लिहिलेलं. त्या पोराचा मला हेवा वाटला. ज्या पोरात मी आयुष्यभर कोंडले गेले, त्याचाच. त्याला सरळ छापलं होतं.

मग मी पत्र लिहिलं. बी.एस्सी. झालेल्या माणसानं लिहावं तसं, समास सोडून, स्वच्छ.

मी लिहिलं की पेपरात आम्ही दोनच पानांवर येतो. एक गुन्ह्याचं, तिथं आमचा ‘उच्छाद’ असतो. दुसरं प्रेरणेचं, तिथं आमचा ‘संघर्ष’ असतो. मधल्या पानांवर आम्ही नसतो. रोपं विकणारी, रेशनच्या रांगेत उभी राहणारी, एसटी चुकलेली, साडीची पिन हरवलेली अशी आमच्यातली बाई तुम्हाला कधी दिसत नाही. मी लिहिलं की बाईच्या बातमीत तुम्ही तिचं लहानपणीचं टोपणनाव जाड ठशात छापत नाही, मग माझं का? आणि शेवटी लिहिलं, माझा हात छापला आहे, तर उरलेली मी कुठं ठेवली आहे ते कळवावं. खाली नाव, गाव, पदवी.

पत्र छापलं. वाचकांच्या पत्रांत, पाचांतलं एक. त्याला मथळा दिला, ‘तृतीयपंथीयांची व्यथा’. माझी व्यथा नव्हती. हरकत होती. हाताचं वाक्य काढलं होतं. आणि खाली नाव-गाव काही नाही, नुसतं ‘एक तृतीयपंथी वाचक’.

माझ्या वरचं पत्र तळेघरच्या एका गुरुजींचं होतं. एसटी वेळेवर येत नाही म्हणून. त्यांचं पूर्ण नाव होतं. गाव होतं. ‘एक पुरुष वाचक’ असं लिहिलं नव्हतं. मला त्या गुरुजींचाही हेवा वाटला. चार ओळींची तक्रार, आणि माणूस आख्खा.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. एवढे दिवस मी सुरेखावर जळत होते. सुरेखानं माझं काही घेतलं नव्हतं. कात्री दुसऱ्याच्या हातात होती आणि मी बाईच्या विटक्या साडीकडं बघत बसले होते.

कळलं म्हणून पेपर परत केला का? नाही. पिशवीतून काढून कपाटात ठेवला. वर्षभर.

यंदा नवरात्रात आमच्या वाट्याला पिवळा आला. पिवळी साडी सगळ्यांकडं असते. सुरेखानं तरीही नवी घेतली. पोरीनं तिच्या केसात झेंडू माळून दिला होता. नर्सरीतलाच.

वार्ताहर आला. तोच. मोबाईल वर, मोबाईल खाली.

“मॅडम, तुम्ही जरा कडेला.”

मी आक्का आणि सुरेखाच्या मधे उभी होते. डावीकडून तिसरी.

“मी इथंच उभी राहणार.”

“फ्रेम बसत नाही हो.”

“मागं सरका. बसेल.”

आक्का खुदकन हसली. तो नाही हसला. “हे बघा ताई, मी मागच्या वर्षी तुम्हाला अर्धं पान दिलं.”

“ते परत घ्या. मला या ओळीत एक नाव द्या.”

“ते माझ्या हातात नाही.”

“मग काय तुमच्या हातात आहे? कडेला उभं करणं?”

त्यानं मोबाईल खिशात घातला. बाकीच्यांकडं वळला. “मग राहू द्या. फोटो होणार नाही. ह्यांना सांगा तुम्हीच.”

मला क्षणभर वाटलं, आता आक्का काहीतरी बोलेल, बायका एक होतील, त्याला घेरतील. तसं झालं नाही. तो गाडीला किक मारून गेला. आक्का पदर खोचत म्हणाली, “चला, ट्रे भरायचं ऱ्हायल्यात.” आणि सगळ्या आत गेल्या.

सुरेखा तेवढी थांबली. केसातलं फूल काढलं.

“तुज्यापायी आमचाबी गेला,” ती म्हणाली. “मागल्या साली पेपर कुनी उचलला देव जानं. आवंदा फोटूच न्हाय. पोरीला काय दावू?”

“पेपर मी नेला होता,” मी म्हणाले.

तिनं फूल खाली टाकलं.

“तुझं नाव आलं आणि माझं नाही, म्हणून.”

ती आत गेली. दुसऱ्या दिवशी मी कपाटातला पेपर आणून तिला दिला. तिनं तो टेबलावर उलगडला. ओलीचा डाग सुकून पिवळा झाला होता आणि घडी नेमकी तिच्या नावावरून गेली होती. आडनाव झिजलं होतं.

“ठिवायचा तरी व्हता नीट,” ती म्हणाली. पेपर तिनं डब्याच्या पिशवीत घातला. माफ केलं असं म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही. अजून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. बरोबर आहे तिचं. तिचं मी चोरलं होतं, ते मी परत केलं. माझं ज्यांनी चोरलंय त्यांनी अजून दिलेलं नाही.

हे लिहिलंय त्यातही माझं नाव नाही. ते मी मुद्दाम दिलेलं नाही. इथं दिलं तर पुन्हा वेगळं पान झालं, पुन्हा ‘त्यांची’ गोष्ट झाली. मला ते त्या ओळीत पाहिजे. मुंगीएवढ्या अक्षरात. दोन बायकांच्या नावांच्या मधे, दोन्ही बाजूंना स्वल्पविराम.

हेवा गेलेला नाही. तो मी जाऊ देणार नाही. तो गेला तर मी अर्ध्या पानावर समाधान मानीन.

पुढच्या वर्षी तो येईल, नाहीतर त्याच्या जागी दुसरा कुणी. रंग कुठलाही असो, मी नेसणार आहे. उंच आहे म्हणून कडेला जाणार नाही. अर्धं पान घेणार नाही. फोटो झाला नाही तर न होवो. माझ्यामुळं पाचजणींचा गेला तर तेही ऐकून घेईन, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच उभी राहीन. दोन्ही हात दोघींच्या खांद्यांवर टाकून.

मी मधे उभी राहणार. कापायचंच असेल तर मधून कापा.